जामखेडला जाऊन आलो

गेल्या दोन वर्षांत आमच्या वस्तीने पाच माणसांना खांदा दिला. पाचांपैकी एकानेही साठी पाहिली नाही. शेवटचा बंधू सफाई कामगार होता, वय ४७. पहाटे झाडू घेऊन निघाला, नाक्यावर चक्कर आल्यासारखे झाले म्हणून पायरीवर बसला, तो उठलाच नाही. डॉक्टर म्हणाले, बीपी असणार आणि तेही जुने असणार. घरच्यांना त्याचा पत्ता नव्हता. त्यालाही नव्हता, कारण त्याच्या दंडाला कधी कोणी पट्टा बांधलाच नव्हता. त्याच्या आधी गेलेल्या ताई धुण्याभांड्याची कामे करीत. त्यांना शुगर होती. पायाच्या अंगठ्याला जखम झाली, ती दुखली नाही म्हणून त्यांनी चिंधी बांधून दोन महिने काम केले. आधी अंगठा गेला, मग पाऊल, मग गुडघ्याखालचा पाय, आणि शेवटी त्या.

त्या बंधूच्या जलदान विधीच्या दिवशी वंदना झाली, चार जणांनी आदरांजलीचे शब्द बोलले, पुरी-भाजी आणि बुंदी वाढली गेली. तेव्हा महिला मंडळातील एक आजी ताट बाजूला सारून म्हणाल्या, "दर वेळेला वंदना म्हणायची, बुंदी खायची अन् घरी जायचं. पुढचा नंबर कोणाचा ते तरी आधी बघा की!" पंगतीत कोणी बोलले नाही. बुंदीही बऱ्याच जणांच्या ताटात तशीच राहिली.

आमच्या वस्तीत एक निवृत्त परिचारिका ताई आहेत. त्यांनी शिकत असताना जामखेडचे नाव ऐकले होते. "तिथे न शिकलेल्या बायका गावाचं आरोग्य सांभाळतात म्हणे, एकदा बघून येऊ," असे त्या म्हणाल्या. फोनाफोनी झाली, 'या' असे उत्तर आले, आणि दिवाळीनंतरच्या आठवड्यात आम्ही नऊ जण एसटीत बसलो. पाच बाया, चार पुरुष. पुरुषांतले दोघे तर सहल समजूनच आले होते हे कबूल केले पाहिजे.

रात्रीच्या गाडीने पहाटे नगरला उतरलो. २०२४ पासून जिल्ह्याचे नाव अहिल्यानगर झाले आहे, पण स्टँडवरचे हमाल, रिक्षावाले आणि आम्हीही अजून नगरच म्हणतो. थंडी मरणाची होती. स्टँडसमोर गरम भजी निघत होती. आरोग्य शिकायला निघालेल्या आम्ही नऊ जणांनी दोन-दोन प्लेट भजी आणि तीन चमचे साखरेचा चहा घेतला. परिचारिका ताईंनी आमच्याकडे नुसते पाहिले. दुसरा कप मात्र त्यांनीही घेतला.

नगरहून जामखेडची गाडी कडा, आष्टी करीत जाते. मध्येच बीड जिल्हा लागतो आणि जामखेडला पुन्हा नगर जिल्हा. दोन्ही बाजूंना ज्वारी हिरवीगार उभी होती. समोरून ट्रॅक्टर येत होते, त्यांच्या ट्रॉल्यांत भांडी, गोधड्या, शेळ्या, कोंबड्या आणि वर बसलेली माणसे. ऊसतोडीला निघालेली कुटुंबे. कोयता घेऊन पाच-सहा महिने कारखान्याच्या फडावर राहायचे आणि पावसाआधी परतायचे. गाडीत शेजारी बसलेल्या एका बाबांनी सांगितले, "जो ऊस तोडतो त्याच्या घरात साखर नसती, अन् आता त्याच्या अंगात साखर निघाया लागली!" बाबा हसले. आम्हाला हसू आले नाही. पायाने गेलेल्या ताई आठवल्या.

जामखेड हे विंचरणा नदीकाठचे तालुक्याचे गाव. याच तालुक्यात चौंडी आहे, अहिल्याबाई होळकरांचे जन्मगाव. याच तालुक्यात खर्डा आहे, जिथे १७९५ साली मराठे आणि निजामाची लढाई झाली. इतिहासाच्या पुस्तकात एवढेच असते. आपल्या वाचकांना खर्डा दुसऱ्या कारणाने ठाऊक आहे. २०१४ च्या एप्रिलमध्ये आपल्या समाजातल्या एका सतरा वर्षांच्या शाळकरी पोराचा तिथे खून झाला आणि २०१७ साली खालच्या कोर्टात आरोपी सुटले. जामखेडचे कौतुक लिहायला आम्ही बसलो आहोत, पण ही गोष्ट बाजूला ठेवून लिहिणे आम्हाला जमणार नाही. ज्या मातीत हे घडते त्याच मातीत पुढची गोष्टही घडली.

डॉ. रजनीकांत आरोळे आणि डॉ. मेबल आरोळे या पतिपत्नींनी १९७० साली येथे ग्रामीण आरोग्य प्रकल्प सुरू केला. दोघेही वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजचे विद्यार्थी. पुढे अमेरिकेत सार्वजनिक आरोग्याचे शिक्षण घेतले आणि परत येऊन दुष्काळी जामखेड निवडले. आले तेव्हा भागाची अवस्था अशी, की १९७१ साली जन्मलेल्या दर हजार मुलांतली १७६ मुले वर्षाच्या आत दगावत. वीस-बावीस वर्षांत प्रकल्पाच्या गावांतला हा आकडा तीसच्या खाली आला. १९७९ साली दोघांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला. जागतिक आरोग्य संघटनेने १९७५ साली लोकांच्या हातातील आरोग्यावर पुस्तक काढले, त्यात जामखेडवर प्रकरण आहे. मेबलताई १९९९ साली गेल्या, डॉक्टर २०११ साली. पुढे त्यांच्या मुलांनी काम चालवले.

पण हे आकडे आणि पुरस्कार आम्ही मुंबईत बसूनही मिळवू शकलो असतो. आम्हाला पाहायच्या होत्या त्या बाया.

त्या आल्या कशा, ही हकीकत ऐकण्यासारखी आहे. सुरुवातीला डॉक्टरांनी शिकलेल्या नर्स खेड्यात पाठवून पाहिल्या. त्या गावात रमेनात, गावही त्यांना आपले म्हणेना. तेव्हा ठरले, गावातलीच बाई घ्यायची, गावानेच निवडायची आणि तिला शिकवायचे. निवडून आलेल्या बायांत कितीतरी निरक्षर, कितीतरी नवऱ्याने टाकलेल्या, आणि कितीतरी दलित वस्तीतल्या. ज्या बाईच्या हातचे पाणी गाव पीत नव्हते, तिच्या हातून गावाने बाळंतपण करून घ्यायला शिकावे, असा तो बेत. दर आठवड्याला बाया जामखेडला येत, मुक्कामाला राहात, एकत्र जेवत. आज ऐकताना सोपे वाटते. पन्नास वर्षांपूर्वी तिथे मराठ्याची बाई आणि महाराची बाई एका पंगतीला बसणे काय होते, हे आपल्या घरातल्या म्हाताऱ्यांना विचारावे.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्हाला एका खेड्यात नेले. तिथल्या आरोग्य कार्यकर्त्या मावशी सत्तरीच्या पुढच्या आहेत. नाव छापू नका म्हणाल्या, म्हणून मावशीच म्हणतो. सडसडीत अंग, नऊवारी, कपाळ मोकळे, आणि हातात एक रेक्झिनची पिशवी. पिशवीत बीपीचे यंत्र, वजनकाट्याची दोरी, पट्टी, साबण आणि कोपऱ्यांना गोल झालेली एक वही. मावशींनी अक्षरओळख शिकली ती पस्तिशीत.

आम्ही ओट्यावर बसलो. आमच्यातल्या एकाने विचारले, "मावशी, सुरुवातीला लोक ऐकत होते का तुमचं?"

"कशाचं ऐकत्यात!" मावशी म्हणाल्या. "म्हनायचे, ही आली डाक्टरीन. दारात हुबी ऱ्हाऊ देत नव्हते. मग दुष्काळ पडला."

१९७२ चा दुष्काळ. मिलो ज्वारी आणि सुकडीचा. त्या दिवसांत मुलांसाठी गावोगाव अन्न शिजवले गेले आणि त्या चुलींभोवती बाया जमू लागल्या. पाण्यासाठी बोअर घ्यायचे ठरले, तेव्हा गावच्या पुढाऱ्यांनी आपल्या आळीत जागा दाखवल्या. डॉक्टरांनी हातपंप बसवले ते दलित वस्त्यांत. पाणी हवे तर घागर घेऊन इकडे या! आधी कुरकुर झाली, मग तहान लागली, मग घागरी आल्या. १९२७ साली महाडला आपली माणसे पाण्याकडे चालत गेली आणि डोकी फोडून घेतली. इथे गाव पाण्यासाठी आपल्या दारात आले. आमच्यातील आजी हे ऐकताना पदराने डोळे पुसत होत्या, आणि आम्ही दुसरीकडे पाहात होतो.

मावशींची पुढची गोष्ट आमच्या कामाची होती. त्या म्हणाल्या, पूर्वी त्या पोरांचा जुलाब, धनुर्वात, बाळंतपण बघायच्या. आता गावात पोरे मरत नाहीत. आता चाळिशीतले बाप्ये आणि बाया पडतात. "हगवन लागली का मानूस स्वताहून येतं. ताप आला का येतं. बीपी काय दुखत न्हाई, शुगर काय खुपत न्हाई. मग त्यो कशाला येईल? म्हनून म्याच जाते त्याच्या दारात."

जामखेडला जाऊन आम्ही जे घेऊन आलो, ते बहुतेक या एका वाक्यात आहे. दुखणाऱ्या आजाराला दवाखाना पुरतो. न दुखणाऱ्या आजाराला दाराशी येणारे माणूस लागते, आणि ते पुन्हा पुन्हा यावे लागते.

मग मावशींनी आमच्या सर्वांचे बीपी घेतले. आमच्यातले दोघे भजीबहाद्दर थेट पुढे सरसावले. मावशींनी त्यांना थांबवले. चहा किंवा तंबाखू झाल्यावर अर्धा तास मोजायचे नाही. पाच मिनिटे टेकून गप्प बसायचे, पाय जमिनीला, हात छातीच्या पातळीला, बोलायचे नाही. १२०/८० च्या आत ठीक. १४०/९० किंवा त्यावर पुन्हा पुन्हा आले तर ते वाढलेले बीपी. एकदाच मोजून घाबरायचे नाही आणि एकदाच मोजून निश्चिंतही व्हायचे नाही. परिचारिका ताई मान डोलावत होत्या, कारण सगळे बरोबर होते. सहल समजून आलेल्या दोघांपैकी एकाचे बीपी १७० वर निघाले. मावशींनी पंधरा मिनिटांनी पुन्हा घेतले. तेवढेच. तो बंधू ट्रक चालवतो, ४१ वर्षांचा आहे. परतीच्या प्रवासात खिडकीशी बसून त्याने एकदाही विनोद केला नाही.

नंतर मावशींनी चुलीपाशी नेले. म्हणाल्या, "मिठाची पिशवी किती दिस पुरती तुमच्यात?" आमच्या बाया एकमेकींकडे बघू लागल्या. कोणाला सांगता येईना. मावशींचे गणित असे: माणशी दिवसाला एक सपाट चमचा, म्हणजे पाच ग्रॅम मीठ पुष्कळ झाले. पाच माणसांचे घर असेल तर किलोची पिशवी चाळीस दिवस चालली पाहिजे. त्यातच लोणचे, पापड, सुकट, फरसाण यांतले मीठ धरायचे, ते वेगळे नाही. आमच्या घरी येऊन आम्ही पिशवीवर तारीख टाकून पाहिली. पाच माणसांतल्या आमच्या घरी ती सव्वीस दिवसांत संपली. सुकट-बोंबलाशिवाय आमचे जेवण होत नाही आणि ते सोडा असे मावशीही म्हणाल्या नाहीत. त्या म्हणाल्या, सुकट कोमट पाण्यात दोनदा धुवा, मग कालवणात वरून मीठ घालू नका, आणि ताटात डावीकडे मीठ वाढायची पद्धत बंद करा. एवढे सांगून त्या गप्प बसल्या. जेवणावर भाषण करणाऱ्यांची आम्हाला सवय आहे, त्यामुळे हे गप्प बसणे आवडले.

मिश्रीची गोष्ट त्यांनी शेवटी काढली, आणि स्वतःपासून काढली. वीस वर्षे त्या मिश्री लावीत होत्या. तव्यावर जाळलेली तंबाखू, दात घासायच्या नावाखाली दिवसातून चार वेळा. "म्याच लावते, अन् दुसरीला सोड म्हनून कसं सांगू?" सुटायला त्यांना वर्ष लागले. तीनदा सुटून तीनदा लागली. आमच्या वस्तीत मिश्रीला बायका तंबाखू मानतच नाहीत. तंबाखू म्हणजे नवऱ्याचा मळून खायचा बार, मिश्री म्हणजे मंजन! गुटख्यावर महाराष्ट्रात २०१२ पासून बंदी आहे आणि तो कुठे मिळतो हे शेंबड्या पोराला ठाऊक आहे. मिश्रीवर तर कोणी बंदीही मागत नाही, ती बाईच्या डबीत असते. तोंडाचा कर्करोग त्या डबीतूनच येतो, आणि हृदयाचा विकारही. दारूबद्दल आम्ही काही लिहीत नाही. बाबासाहेबांनी बावीस प्रतिज्ञांत ती सोडायला लावली आहे आणि पंचशील आपण दर रविवारी म्हणतो. कोण म्हणून विसरतो, हे ज्याचे त्याला कळते.

शुगरवाल्यांसाठी मावशी पाय बघतात. दर आठवड्याला, खाली बसून, बोटांच्या फटीत बोट घालून. शुगरने पायाची जाणीव मरते, काटा रुतला तरी कळत नाही, म्हणून डोळ्यांनी बघायचे. अनवाणी फिरायचे नाही. शेकायला गरम पाण्यात पाय घालायचा नाही, भाजलेले कळणार नाही. जखम दुखत नसली तर जास्त घाबरायचे, कमी नाही. आमच्या ताईंचा पाय कोणी असा रोज पाहिला असता तर? आमच्यातल्या एकीने हा प्रश्न मोठ्याने विचारला. मावशींनी उत्तर दिले नाही.

जेवायला ज्वारीची भाकरी, हुलग्याचे शेंगोळे आणि मेथी होती. आम्ही मुंबईकर तीन-तीन भाकऱ्या हाणल्या. आमच्याकडे भाकरी आता रविवारची गंमत झाली आहे. रोज रेशनचा तांदूळ, पाव आणि पोरांसाठी पाच-पाच रुपयांच्या कुरकुरीत पुड्या. गावातही पुड्यांच्या माळा दुकानांवर लटकलेल्या होत्याच, तेव्हा खेडे म्हणजे स्वर्ग असा समज करून घेऊ नये. मावशींच्या नातवाच्या हातातही एक पुडी होती. मावशींनी ती पाहिली आणि आम्ही पाहिल्याचेही पाहिले.

संध्याकाळी मुक्कामी आल्यावर आमच्यात वाद झाला. ट्रक चालवणारा बंधू म्हणाला, "शुगर-बीपी हे श्रीमंतांचे रोग. आपण तर उपाशी राहिलेले लोक. आपल्याला कसे?" हा प्रश्न पुष्कळांच्या मनात असतो, म्हणून थोडे सविस्तर लिहितो. पुण्याच्या केईएम रुग्णालयाच्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा खेड्यांतील आया आणि त्यांची मुले यांचा अभ्यास चालवला. तिथली बाळे जन्मतः सरासरी २.७ किलोची होती. इंग्लंडमधली साडेतीन किलोची. पण आपली बाळे बारीक असली तरी कमी पडत होते ते हाड आणि मांस, चरबी नव्हे. पोटात असताना आईला पुरेसे मिळाले नाही, की मूल काटकसरीचे शरीर घेऊन जन्मते, आणि अशा शरीराला पुढे पोटभर पाव, तांदूळ, साखर मिळू लागली की शुगर लवकर गाठते. आजीने काढलेले उपास नातवाच्या रक्तात असे निघतात. म्हणजे हा रोग आपल्या चैनीचाच नाही, भुकेचाही आहे. म्हणून ज्या घरात सून पोटुशी आहे तिथे तिच्या ताटाकडे आधी बघावे. तिने सगळ्यांच्या शेवटी उरलेसुरले खायचे, ही रीत बौद्ध म्हणवणाऱ्या घरांतही अजून आहे. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीत भारतात १० कोटींहून अधिक लोकांना मधुमेह असल्याचा अंदाज निघाला. एवढे श्रीमंत या देशात आहेत कुठे?

मग आजींनी बाबासाहेबांचा विषय काढला. बाबासाहेबांना मधुमेह होता, रक्तदाब होता, पायांच्या वेदनांनी रात्र रात्र झोप नसायची. माईसाहेब स्वतः डॉक्टर. १९४८ साली लग्न झाल्यावर पथ्य, औषधे, इन्सुलिन त्या बघत. तरी लिहिणे थांबले नाही, दौरे थांबले नाहीत. १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपुरात धम्मदीक्षा झाली आणि ६ डिसेंबरला पहाटे दिल्लीच्या घरी झोपेतच ते गेले. वय ६५. मध्ये आठ आठवडेसुद्धा नव्हते. आजी म्हणाल्या, "त्यांनी आपल्यासाठी स्वतःकडं बघितलं नाही. आपण कोणासाठी बघत नाही?" आमच्यात तिघेजण असे होते, की ज्यांच्या घरात गोळ्या आहेत आणि बरे वाटते म्हणून बंद केल्या आहेत. बीपीची गोळी चालू असते म्हणूनच बरे वाटते, हे परिचारिका ताईंनी त्या रात्री तिघांना तीनदा सांगितले.

संयुत्त निकायात कोसलचा राजा पसेनदि याची कथा आहे. राजा भांडेभर भात खाऊन धापा टाकीत भगवंतांकडे आला. भगवंतांनी त्याला मात्रा ओळखून जेवण्याविषयी एक गाथा सांगितली. राजाने काय केले? सुदस्सन नावाच्या तरुणाला ती पाठ करायला लावली आणि रोज आपण जेवायला बसलो की ती म्हणण्याचे काम दिले. हळूहळू राजाचा भात कमी झाला, अंग हलके झाले. आम्हाला यात सुदस्सन महत्त्वाचा वाटतो. उपदेश साक्षात बुद्धांचा होता, तरी राजालाही जेवताना आठवण करून देणारे माणूस ठेवावे लागले. जामखेडच्या मावशी दुसरे काय करतात?

याच बायांपैकी मुक्ताबाई पोळ १९८८ साली वॉशिंग्टनला एका आरोग्य परिषदेत बोलल्या होत्या. छतावरच्या झगमगत्या दिव्यांकडे बोट दाखवून त्यांनी सांगितले, की ते सुंदर आहेत पण महाग आहेत आणि हाताला येत नाहीत. माझी वातीची पणती साधी, पण ती दुसरी पणती लावू शकते. मोठ्या डॉक्टरांच्या सभेत एका खेड्यातल्या बाईने हे सांगितले, याचा आम्हाला फार अभिमान वाटला. सरकारने २००५ पासून गावोगाव आशा नेमल्या, त्या कल्पनेच्या मुळाशी जामखेडसारखे प्रयोग होते. फरक एवढाच, की आशाताईंवर आज इतके कागद आणि नोंदी लादल्या आहेत, की ओट्यावर निवांत बसायला त्यांना वेळ उरत नाही, आणि मानधनासाठी रस्त्यावर उतरावे लागते ते वेगळेच.

परत आल्यावर आम्ही काय केले ते थोडक्यात लिहितो, कारण फार काही केलेले नाही. वर्गणी काढून एक चांगले बीपीचे यंत्र घेतले. परिचारिका ताईंनी चार बायांना आणि एका पोराला शिकवले. रविवारी वंदनेनंतर विहारातच मोजतो आणि वहीत लिहितो. तीस वर्षांवरच्या प्रत्येकाने उपाशीपोटी शुगर तपासावी असे सांगतो. १२६ किंवा वर आली तर खात्रीसाठी डॉक्टरकडे पाठवतो. औषध आम्ही देत नाही, ते आमचे काम नव्हे. गोळी संपली का, एवढेच विचारायला दारात जातो. सरकारी दवाखान्यात गोळ्या फुकट मिळतात, कधी संपलेल्याही असतात, मग चार बाया मिळून जाऊन विचारतात. एकट्या बाईला 'उद्या या' सांगतात, चौघींना सांगत नाहीत. दोन पुरुषांनी पहिल्याच रविवारी 'बायकांच्या हातून काय मोजायचे' म्हणून पाठ फिरवली. त्यातला एक तिसऱ्या रविवारी आला. दुसरा अजून आलेला नाही. जयंतीच्या जेवणात बुंदी ठेवायची की नाही, यावर तर अजून भांडण चालू आहे, आणि आमचे मत ठेवायची असेच आहे, पण एकच पळी.

ट्रक चालवणारा बंधू गोळी घेतो आहे. परवा १३८/८६ होते. तंबाखू अजून सुटलेली नाही.

वहीचे काम कोणी करायचे असा प्रश्न आला, तेव्हा नाक्यावर गेलेल्या त्या बंधूच्या पत्नी पुढे आल्या. सातवीपर्यंत शिकलेल्या आहेत, अक्षर स्वच्छ आहे. गेल्या रविवारी त्यांनी बावीस वर्षांच्या स्वतःच्या मुलाला पकडून आणले. तो म्हणत होता, "आई, मला काय झालंय? मी ठणठणीत आहे." त्यांनी त्याला खुर्चीत बसवले, दंडाला पट्टा गुंडाळला आणि म्हणाल्या, "पाच मिनिटं गप्प बस. बोललास तर पुन्हा पहिल्यापासून मोजीन."